आखणी आणि अंगठा

हे मी बोलतोय आणि माझी मुलगी लिहून घेतेय. मला लिहिता येत नाही, वाचताही येत नाही. म्हणजे यात शुद्धलेखनाच्या चुका असतील त्या तिच्या, आणि मूर्खपणा असेल तो सगळा माझा. तिने आत्ताच विचारलं, "बाबा, सुरुवात कशाने करू?"

मी बोललो, "लिही, मी एका बहिऱ्या पोरीवर जळायचो."

"जळायचो की जळतो?"

"गप लिही," बोललो.

माणिकपूरला रिक्षा स्टँडच्या मागच्या गल्लीत आमचा गणपतीचा कारखाना. कारखाना म्हणजे पत्र्याची शेड, पण कारखाना बोललं की बरं वाटतं. मालकांना आम्ही सगळे भाऊ बोलतो. मी तिथे वीसेक वर्षं आहे. सुरुवातीला माती मळायचो, मग रंग मारायला लागलो, आणि शेवटी आखणीवर आलो.

आखणी म्हणजे गणपतीचे डोळे काढायचं काम. ते सगळ्यात शेवटी. मळणाऱ्याचं, साच्यात भरणाऱ्याचं, घासणाऱ्याचं, रंगाऱ्याचं, सगळ्यांचं उरकलं की आखणीवाला झीरो नंबरचा ब्रश घेऊन बसतो. वरच्या पापणीची रेघ एका दमात मारायची, श्वास सोडायचा नाही. रेघ हलली तर बाकीच्या दहा जणांची मेहनत वाकडी दिसते. त्यामुळे आखणीवाल्याचा रुबाब असतो. दाराजवळची उजेडाची जागा माझी. पहिला चहा मला. आणि दिवसभर बडबड करून सगळ्यांना हसवायचं कामही माझंच, त्यावर मला कोणी नेमलं नव्हतं.

पण खरी गोष्ट वेगळी. आमचं गाव राजोडीच्या बाजूला. गावच्या मंडळाचा मोठा गणपती आमच्याच कारखान्यातून जातो आणि त्याचे डोळे दरवर्षी मी काढायचो. गावात मला दुसरं काही येतं असं कोणाचं मत नाही. मी वाल लावले तर शेजाऱ्याच्या बकऱ्या खूश होतात, एवढीच माझी शेती. पण गणपती टेम्पोतून उतरला की म्हातारी माणसं बोलायची, "डोळे आपल्या पोराने काढलेत हां." मी सत्तेचाळीसचा झालो तरी पोराने. ते एक वाक्य मला वर्षभर पुरायचं. ते वाक्य गेलं तर मी गावात नुसता बकऱ्यांचा अन्नदाता.

तर दोन वर्षांपूर्वी एक माणूस आपल्या मुलीला घेऊन कारखान्यात आला. विरारला फ्लॅट, मूळचे कोकणातले, स्वतः मुंबईला नोकरीला. पोरगी पंचवीस-सव्वीसची. चित्रकलेचं शिकलेली. जन्मापासून ऐकू येत नाही. तिने चार छोट्या मूर्ती बरोबर आणल्या होत्या, त्या भाऊंसमोर ठेवल्या. भाऊ बराच वेळ बघत राहिले आणि बोलले, "उद्यापासून ये. आखणीवर."

मी लगेच, "भाऊ, आखणीवर? पोरीला ऐकायला येत नाही."

भाऊ बोलले, "मग? डोळे काढायचेत. कान साच्यातून येतात."

सगळे हसले. माझ्या कारखान्यात माझ्यावर दुसऱ्याच्या जोकने लोक हसले. तिथूनच पोटात दुखायला लागलं.

भाऊंनी तिला माझ्याच बाजूला बसवलं. आता मला सांगा, ज्याचं सगळं भांडवल तोंडात आहे त्याच्या शेजारी बहिरा माणूस बसवला तर त्याने करायचं काय? मी माझे हमखास जोक मारले. उंदराचा मारला, सोंडेचा मारला. ती खाली मान घालून रेघ ओढत होती. दुसरं कोणी हसलं नाही तर मी समजतो की जोक पडला. इथे तर तो तिच्यापर्यंत पोचतच नव्हता.

तिसऱ्या दिवशी एक भानगड झाली. रंगारी मागून आला आणि तिच्या खांद्यावर हात ठेवला. ती दचकली, आणि पापणीची रेघ थेट गंडस्थळापर्यंत गेली. तिने त्याच दिवशी मोबाइलवर लिहून भाऊंना दाखवलं की मागून कोण येतं ते मला कळत नाही, मला समोर एक आरसा पाहिजे. भाऊंनी ओळखीच्या सलूनवाल्याकडून जुना आरसा आणला, चांगला हातभर लांब, आणि तिच्या समोर भिंतीला लावला. आता कोणी आलं की तिला आधीच दिसायचं, आणि रेघ हलायची बंद झाली.

मी भाऊंना बोललो, "वा! एकीला आरसा. उद्या पंखा द्या, परवा पाळणा द्या."

"तुला काय पाहिजे ते तू माग ना," भाऊ बोलले.

"मला काय पाहिजे? मी धडधाकट माणूस!"

हे वाक्य मुलीला ठळक लिहायला सांगितलंय, पुढे लागणार आहे.

आता तिच्या डोळ्यांबद्दल बोलायला पाहिजे. म्हणजे ती काढायची त्या डोळ्यांबद्दल. मन होत नाही पण बोलतो. माझे गणपती समोर बघायचे. तिचे गणपती तुमच्याकडे बघायचे. तुम्ही उजवीकडे सरका, डावीकडे सरका, मूर्ती विचारतेच, काय रे, बरा आहेस ना? हे ती कसं करायची ते मी चोरून पुष्कळ बघितलं. बुबुळावरचा पांढरा ठिपका ती मधोमध द्यायची नाही, जरा वर आणि जरा आत द्यायची. मी घरी येऊन तसाच दिला. माझा गणपती घाबरल्यासारखा दिसायला लागला.

गिऱ्हाईकं यायला लागली. पापडीच्या बाजूला वाडी असलेल्या एक काकी दरवर्षी यायच्या, माझ्याच हातची मूर्ती न्यायच्या. त्या वर्षी तिने आखलेल्या मूर्तींच्या फळीसमोर उभ्या राहिल्या. "अगो, केवढे जिवंत डोळे! कोनी काढले?"

पण मला एक युक्ती सापडली होती. मी हळूच बोललो, "ती बसलीय ना, तिने. बिचारीला ऐकू येत नाही."

झालं. काकींचा चेहरा बदलला. "अरे देवा! ऐकाला येत नाय तरी एवढं करते? बिचारी!" आणि मग डोळे राहिले बाजूला, सगळं कौतुक बिचारीवर आलं. मला एवढा आनंद व्हायचा! दुधात पाणी घालतात तसं कोणाच्या कौतुकात पाणी घालायचं असेल तर बिचारी हा शब्द घालावा. मी तो त्या महिन्यात बादलीने ओतला. माणसं तिच्याकडे कीव करून बघायची, ती आरशात त्यांच्याकडे बघायची, आणि मी साळसूदपणे रंग ढवळायचो.

दुसरी माझी करमणूक म्हणजे तिची नक्कल. ती हातवारे करून बोलायची, भुवया उडवायची, तोंड फुगवायची. जेवणाआधी मी तिच्या मागे उभा राहायचो, रंगारी आणि घासणारे यांच्याकडे तोंड करून, आणि तिच्यासारखे हात हलवायचो. पहिल्या दिवशी दोघं-तिघं हसली. आठवड्याने सगळे हसायला लागले. पंधरा दिवसांनी रंगारी पोट धरून खाली बसला. मला वाटलं, आपल्या कॉमेडीला आता धार आलीय. घरी बायकोला सांगितलं की या वर्षी गावच्या गॅदरिंगमध्ये मला स्टेजवर बोलावतील बघ.

बायको बोलली, "आदी ताटात बगा. काटा समजून कांदा काडून टाकताय."

तेही खरं होतं. मला जवळचं दिसेनासं झालं होतं. वर्ष झालं असेल. ब्रश डोळ्यासमोर धरला की त्याचे दोन ब्रश व्हायचे. मग मी तो लांब धरायला लागलो. आणखी लांब. मनात बोलायचो, डोळे ठीक आहेत, हातच आखूड झालेत. कोणाला सांगितलं नाही. आखणीवाल्याला दिसत नाही ही बातमी गावात गेली असती तर म्हातारी माणसं काय बोलली असती? आणि तेही ती शेजारी बसलेली असताना.

ती मला काका बोलायची. बोलायची म्हणजे लिहायची. मोबाइलवर टाइप करून माझ्यासमोर धरायची. कारखान्यात बाकी सगळ्यांना ते जमलं होतं, ती लिहायची, ते वाचायचे, मग हाताने काहीतरी सांगायचे. एक मीच अडाणी. पण मी सांगणार थोडाच! ती मोबाइल धरायची, मी भुवया गोळा करून स्क्रीनवर नजर फिरवायचो, वाचणारे फिरवतात तशी, डावीकडून उजवीकडे, आणि मग अंगठा वर करायचो. एकदम मस्त, चालेल, या अर्थाचा. ती हसायची आणि जायची. मला वाटायचं, बहुतेक रंग छान झालाय असं लिहीत असेल. एकदा मी अंगठा दिला आणि ती माझा डबा उघडून त्यातली अर्धी बोंबलाची चटणी घेऊन गेली. तेव्हाच शहाणं व्हायला पाहिजे होतं.

गणपतीला पंधरा दिवस राहिले. गावचा मोठा गणपती रंगून उभा होता, आखणी बाकी. तिने एका दुपारी मोबाइल समोर धरला. बरंच लिहिलेलं होतं, चार-पाच ओळी. चेहरा जरा गंभीर. मी सावकाश नजर फिरवली, मान हलवली आणि दणदणीत अंगठा दिला. तिने माझ्याकडे जरा वेळ बघितलं. मग माझ्या हातावर थोपटलं. मला वाटलं, वा, पोरगी मान द्यायला लागली.

दुसऱ्या दिवशी जेवणाआधी मी माझा खेळ चालू केला. तिच्या मागे उभा, हात हलवतोय. सगळे हसून लोळतायत. रंगारी माझ्या खांद्यावरून पुढे बघतोय आणि डोळे पुसतोय. मी सहज वळलो. समोर आरसा. आरशात ती. आणि ती आरशात माझी नक्कल करत होती. मी तिची नक्कल करताना कसा दिसतो त्याची नक्कल. खालचा ओठ बाहेर, पोट पुढे, आणि जोक मारल्यावर मी लोकांकडे आशेने बघतो ना, ते तसंच्या तसं.

मी रंगाऱ्याला विचारलं, "हे कधीपासून?"

"पहिल्या आठवड्यापासून," तो बोलला. "आम्ही तिलाच हसत होतो, दादा."

म्हणजे महिनाभर मी आरशाकडे पाठ करून तिचा कार्यक्रम रंगवत होतो. डोळे गेले होतेच, आता हसवायचं कामही गेलं. माणसाने जळायचं तरी किती ठिकाणी?

मला बघून ती थांबेल असं वाटलं. उलट उभी राहिली. ब्रश हातात घेतला आणि सगळ्यांसमोर पुढचा अंक सुरू केला. मी आखणीला बसतो कसा. आधी तुरुतुरु मूर्तीजवळ. मग मान मागे. ब्रश लांब. मान आणखी मागे. एक डोळा बंद, जीभ बाहेर. हात पुरेना म्हणून स्टूल मागे सरकवला. पुन्हा मान मागे. शेवटी ती स्टुलासकट भिंतीला टेकली आणि तिथून हात ताणून तिने हवेत रेघ मारली, ती शेजारच्या घासणाऱ्याच्या कानात गेली. शेड हसून दणाणली. मीही हसलो, काय करणार, झकास केलं होतं. मी सात जन्म घेतले तरी मला जमणार नाही.

एकटे भाऊ हसले नाहीत. ते मला बोलले, "इकडे ये. या मूर्तीच्या पापणीत तुझ्या ब्रशचा केस चिकटलाय. काढ."

मी वाकलो. मला पापणीच धड दिसेना. मी नखाने काहीतरी चिमटीत धरलं आणि बोललो, "निघाला."

"मी केस या मूर्तीत बोललो," भाऊंनी शेजारच्या मूर्तीवर बोट ठेवलं. "आणि तू काढलीस ती पापणी."

कोणी हसलं नाही. मोठा गणपती भाऊंनी त्याच दिवशी तिला दिला.

मी एवढा चिडलो की सांगू नका. भाऊंना बोललो, "हिने चारचौघांत माझं काढलं! माझी जागा पाहिजे होती हिला. गोड गोड काका काका करून गळा कापला!"

भाऊंनी तिच्याकडे बघून हाताने विचारलं. तिने मोबाइल काढला, आदल्या दिवशीचं लिहिलेलं शोधलं आणि त्यांना दिला. भाऊंनी मोठ्याने वाचलं.

"काका, तुम्हाला जवळचं दिसत नाही ना? मी बरेच दिवस बघतेय. मलाही मागितल्याशिवाय आरसा मिळाला नव्हता. तुमच्यासाठी चष्म्याचं भाऊंना सांगू का? तुम्हाला बोलायला लाज वाटत असेल तर मी नाटक करून सांगते, म्हणजे हसण्यावारी जाईल. चालेल का?"

भाऊ वाचायचे थांबले. "आणि तू काय बोललास?"

अंगठा दिला होता. माझ्या बापाने जमिनीच्या कागदावर अंगठा दिला, तेव्हा निदान शाई तरी लागली होती. मी हवेतच दिला.

"तुला वाचता येत नाही?" भाऊंनी विचारलं. वीस वर्षांत पहिल्यांदा.

मी बोललो, "तो सोंडेचा जोक सांगू का?"

मग डोळे तपासणीच्या शिबिरात गेलो. डॉक्टर तरुण होता. भिंतीवर अक्षरांचा तक्ता. बोलला, "वाचा."

"वाचता येत नाही."

"कुठल्या ओळीपासून?"

"पहिल्या."

त्याने काच बदलली. "आता?"

"आता पण नाही."

आणखी जाड काच. "आता?"

"डॉक्टर, अक्षर एकदम स्वच्छ दिसतंय, पण वाचता येत नाही."

मला वाटतं त्याने मनात मोतीबिंदू, काचबिंदू सगळे मोजून बघितले. मग मी सांगितलंच, शाळेत गेलो नाही. तो बोलला, "अहो काका, आधी सांगायचं ना! तुमच्यासाठी वेगळा तक्ता आहे." आणि त्याने दुसरा तक्ता लावला, नुसत्या चिन्हांचा, चिन्हाचं तोंड कुठल्या बाजूला आहे ते हाताने दाखवायचं. म्हणजे मी हातवारे करून डोळे तपासले. सगळ्या दुनियेत वेगळे तक्ते आहेत, मागायची लाज आपल्यालाच.

चष्मा घालून कारखान्यात गेलो तर नवीनच अडचण. मोठ्या गणपतीची आखणी फळीवर चढून करायची. फळीवर तिची पाठ शेडकडे, आणि आरसा खाली भिंतीला. मागे कोण आलं, काय पडलं, कळणार नाही, दचकली तर फळीवरून खाली. भाऊ बोलले, "आरसा वर कोणीतरी धरायला पाहिजे. ज्याला आखणी कळते असा. कधी हलवायचा, कधी नाही ते समजायला पाहिजे." आणि माझ्याकडे बघितलं.

तर असा मी, इतक्या वर्षांचा आखणीवाला, गावच्या गणपतीच्या कानाजवळ सलूनचा आरसा धरून फळीवर उभा. मी ज्या आरशाच्या नावाने बोंब मारली तोच. ती चढली, मला बघून तिने माझ्या चष्म्याची नक्कल केली, नाकावर बोट ठेवून, घुबडासारखी. मग ब्रश उचलला.

माझा समज होता की चष्मा आल्यावर मत्सर जरा कमी होईल. तो वाढला. आधी अंधुक होता, आता बारकाव्यासकट दिसायला लागला. हातभरावरून मी ती रेघ बघितली. सुरुवातीला केसाएवढी, मध्ये भरत गेलेली, शेवटी कुठे संपली ते कळू नये अशी. एकदाही ब्रश उचलला नाही. मी आयुष्यात अशी एक रेघ मारली नाही, आणि मारली नाही हे मला माहीतही नव्हतं. आदल्या रात्री मंडळाच्या पोराच्या मोबाइलवर मी माझ्या गेल्या वर्षीच्या गणपतीचा फोटो बघितला होता, चष्मा लावून. एक डोळा आरतीकडे, एक डोळा प्रसादाकडे. गाव दहा दिवस त्याच्यापुढे उभं राहिलं आणि एक माणूस काही बोलला नाही. उलट बोलले, आपल्या पोराने काढलेत. मी लोकांना तिला बिचारी बोलायला लावत होतो, तेव्हा गाव मला न बोलता तेच बोलत होतं.

एक डोळा झाला. ती मागे झाली आणि आरशात माझ्याकडे बघितलं. या वेळी मोबाइल काढला नाही. मला वाचता येत नाही हे कळल्यापासून ती मला लिहून दाखवत नाही, कागदावर चित्र काढते. आता तर चित्रही नाही, नुसत्या भुवया वर केल्या. कसा झालाय?

मी तो डोळा बघितला. पुष्कळ वेळ घेतला. काहीतरी चूक सापडावी म्हणून घेतला, खोटं कशाला बोलू. सापडली नाही. दोन्ही हात आरशात अडकलेले, त्यामुळे अंगठा देता येईना. मग आरसा गुडघ्याला टेकवला, एक हात मोकळा केला आणि दिला. नक्की कशाला देतोय ते माहीत असलेला माझा पहिला अंगठा.

गणपती गावात उतरला तेव्हा म्हातारी माणसं जवळ आली, बघत राहिली. एक आजोबा बोलले, "या वर्षी डोले लय भारी काडलेस रे पोरा."

तोंडात आलं होतं, हो बोलायचं. दोन क्षण आलं होतं. मग बोललो, "मी नाही, आजोबा. आमच्या कारखान्यातल्या पोरीने काढले."

"कोन पोरगी?"

बिचारी हा शब्द जिभेच्या टोकावर आला. मी तो गिळला, औषधाच्या कडू गोळीसारखा, पाण्याशिवाय.

"आखणीवाली आहे," बोललो. "माझ्यापेक्षा चांगली."

मुलगी विचारतेय, बाबा, मग आता जळणं बंद झालं ना? तिला सांगितलं, लिही, या वर्षी मी बारक्या मूर्तींची आखणी करतो, दोन्ही डोळे एकीकडे बघतात, आणि पहिला चहा त्या पोरीला जातो. ते बघताना अजून जळतं.